कुंडीतली रोजमेरी : लावावी कशी, वापरावी किती

दुसरबीड आणि आसपासच्या वस्त्यांमध्ये आम्ही महिलांच्या बैठकींना जातो तेव्हा अलीकडे एक प्रश्न हमखास येतो : "ताई, रोजमेरीने केस येतात का हो?" मुलींनी मोबाईलवर व्हिडिओ पाहिलेले असतात. कोणी रोजमेरीच्या पाण्याची बाटली मागवलेली असते. कोणी नर्सरीतून हौसेने रोप आणलेले असते आणि ते महिना-दोन महिन्यांत वाळून गेलेले असते. म्हणून या वेळचा आरोग्याचा पाठ रोजमेरीवर. आधी हे रोप आपल्या उन्हात कसे जगवायचे ते पाहू. मग त्याचा उपयोग किती आणि कुठवर, तेही पाहू. दुसरा भाग पहिल्यापेक्षा जास्त महत्त्वाचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

रोजमेरी कुठली?

रोजमेरी हे भूमध्य समुद्राच्या काठचे झुडूप. पाने सुईसारखी बारीक, वरून हिरवी, खालून पांढुरकी. चुरगळली की कापरासारखा उग्र वास येतो. भारतात तिची शेती निलगिरीच्या थंड डोंगराळ भागात होते.

तिच्या मूळ देशातला उन्हाळा कडक असतो, पण कोरडा. पाऊस पडतो तो हिवाळ्यात. जमीन खडकाळ, पाणी पडले की लगेच खाली निघून जाते. आपल्याकडे नेमके उलटे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीशीच्या पुढे, आणि लगेच जूनपासून धो-धो पाऊस, दमट हवा. त्यात आपली काळी माती पाणी धरून ठेवते. म्हणजे रोजमेरीला आपल्याकडे वर्षातून दोनदा संकट येते : मे महिन्यात कुंडी तापून मुळे भाजतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये मुळे कुजतात. पहिले संकट सगळ्यांच्या लक्षात येते, पण जास्त रोपे दुसऱ्याने मरतात. एवढी गोष्ट समजली की पुढचे सगळे सोपे आहे.

कुंडी कोणती?

मातीची, न रंगवलेली कुंडी सगळ्यात चांगली. तिच्या अंगातून पाणी झिरपते, हवा खेळते, मुळे थंड राहतात. तोंड दहा ते बारा इंच रुंद असावे. बुडाला भोक हवेच, आणि ते बंद झालेले नसावे.

कुंडी विकत घेणे जमत नसेल तर रंगाची जुनी बादली स्वच्छ घासून बुडाला पाच-सहा भोके पाडा आणि बाहेरून ओले न करता बारदान गुंडाळा, म्हणजे ऊन थेट लागणार नाही. तेलाचा पत्र्याचा डबा वापरू नका, तो उन्हात तव्यासारखा तापतो.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो. शेतात फवारायच्या औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी कुंडी म्हणून, पाण्याचा म्हणून, कशालाही वापरायचा नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरता कामा नये. ज्या रोपाची पाने तोंडात किंवा डोक्याला जाणार, ते अशा डब्यात नको.

कुंडीखाली ताटली ठेवू नका. साचलेल्या पाण्यात मुळे कुजतात आणि त्याच स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डासही अंडी घालतो. ताटली नसली की दोन्ही धोके टळतात.

माती कशी करावी?

शेतातली नुसती काळी माती चालणार नाही. ती पावसात चिखल होते आणि उन्हात तडकते. असे मिश्रण करा :

मुरमाड लाल माती दोन घमेली, जाड वाळू एक घमेले, विटांचा बारीक चुरा एक घमेले, आणि पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळ खत अर्धे घमेले. ताजे शेण घालू नका. बुडाच्या भोकावर खापरीचा तुकडा उपडा ठेवा, म्हणजे माती वाहून जाणार नाही आणि भोकही बंद होणार नाही.

भरलेल्या कुंडीत एक तांब्या पाणी ओतून पाहा. मिनिटभरात खालून पाणी निघू लागले पाहिजे. वरच पाणी साचून राहिले तर आणखी वाळू आणि विटांचा चुरा मिसळा. ही परीक्षा रोप लावण्याआधी करायची असते.

लावावे केव्हा?

दिवाळीच्या आसपास, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. तेव्हापासून फेब्रुवारीपर्यंत आपली हवा रोजमेरीला मानवते. त्या चार महिन्यांत मुळे पक्की झाली तर रोप उन्हाळा काढते. मार्च-एप्रिलमध्ये आणलेले नाजूक रोप बहुधा टिकत नाही. नर्सरीवाल्याने कितीही आग्रह केला तरी थांबा.

बियांच्या नादी लागू नका. त्या उशिरा आणि थोड्याच उगवतात. एखाद्या घरी रोप असेल तर काडीपासून नवे करा. शेंड्याकडची चार बोटे लांबीची, धड कोवळी नाही आणि धड जून नाही अशी काडी कापा. खालच्या अर्ध्या भागाची पाने काढा. ओलसर वाळूत दोन बोटे खोल रोवा आणि सावलीच्या उजेडात ठेवा. वाळू ओलसर राहील, चिकचिकीत होणार नाही एवढेच पाणी द्या. चार ते आठ आठवड्यांत मुळे धरतात. हळूच ओढून पाहिले आणि काडी अडली तर मुळे आली असे समजा. पाच काड्या लावल्या तर दोन-तीन जगतील, म्हणून एकीवर भिस्त ठेवू नका. अशा रितीने एका रोपावरून साऱ्या गल्लीला रोपे होतात, पैसे लागत नाहीत.

पाणी किती?

'रोज सकाळी पाणी' हा नियम रोजमेरीला लावू नका. बोट मातीत दोन पेरे खुपसा. आत ओल लागली तर पाणी नको. कोरडे लागले तर खालून पाणी निघेपर्यंत भरपूर द्या आणि पुन्हा सुकेपर्यंत थांबा. कुंडी उचलून पाहण्याचीही सवय करा. हलकी लागली तर तहानलेली, जड लागली तर पाणी आहे.

हिवाळ्यात चार-पाच दिवसांनी पाणी पुरते. मे महिन्यात मात्र माती रोज तपासा, कारण छोटी कुंडी एका दिवसात कोरडी पडते. पाणी सकाळी लवकर द्या. भर दुपारी तापलेल्या कुंडीत गार पाणी ओतू नका. पानांवर पाणी शिंपडत बसू नका, त्याने बुरशी येते.

नळ चार-आठ दिवसांनी येतो, टँकरची वाट पाहावी लागते, अशा वस्तीत झाडाला पाणी कुठून आणायचे हा प्रश्न खरा आहे. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी चालते. भाजी धुतलेले चालते. साबणाचे, निरम्याचे, खारट पाणी चालत नाही. आणि पिण्याच्या पाण्याची ओढाताण असेल तर रोजमेरी लावूच नका. घरातल्या माणसांचे पाणी आधी.

पाने खालून पिवळी पडून गळू लागली, माती ओली आणि बुडाला कुबट वास असेल तर पाणी जास्त झाले. टोके तपकिरी, पाने कुरकुरीत आणि माती दगडासारखी असेल तर पाणी कमी पडले. दोन्ही वेळा रोप वाळल्यासारखेच दिसते, म्हणून पाणी ओतण्याआधी बोट घालून पाहा.

ऊन किती?

रोजमेरीला ऊन हवे. घरात, खिडकीच्या आत ती रोडावते. पण आपल्या वस्तीतले ऊन दोन ठिकाणांहून येते : वरून आकाशातले आणि बाजूने पत्र्याचे, सिमेंटच्या भिंतीचे. दुसरे ऊन जास्त घातक. म्हणून कुंडी पत्र्याच्या छतावर किंवा पश्चिमेच्या भिंतीला चिकटून ठेवू नका. पूर्वेच्या ओट्यावर ठेवा. सकाळचे पाच-सहा तास ऊन मिळाले आणि दुपारी एकनंतर सावली आली की झाले.

मार्चअखेर ते पहिला पाऊस या काळात तीन गोष्टी करा. कुंडी दोन विटांवर उचलून ठेवा, म्हणजे खालून फरशीची धग लागणार नाही. मातीवर बारीक खडे पसरा, म्हणजे ओल टिकेल. आणि दुपारी जुन्या साडीचा आडोसा करा. उन्हाळ्यात रोपाला खत देऊ नका, छाटूही नका. त्या दिवसांत ते वाढत नाही, फक्त तग धरते. वाढ थांबली म्हणून घाबरू नका.

पावसाळ्यात

पहिल्या पावसाला कुंडी आनंदाने अंगणात ठेवली जाते आणि तिथेच रोप जाते. जूनमध्ये कुंडी वळचणीच्या आत घ्या, पण पन्हाळीच्या धारेखाली नको. उजेड आणि वारा मिळाला पाहिजे. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवू नका. या चार महिन्यांत आठ-दहा दिवसांतून एकदा पाणी लागेल, कधी तेही नाही. पानांवर पांढरी भुरी दिसली तर त्या फांद्या काढून टाका आणि कुंडी मोकळ्या हवेत सरकवा. उन्हाळ्यात बारीक जाळी आणि पानांवर फिकट ठिपके दिसले तर तो लाल कोळी. निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा आणि त्यानंतर आठवडाभर पाने वापरू नका.

छाटणी पावसाळा संपल्यावर करा. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका, आणि जिथे हिरवी पाने नाहीत अशा जून लाकडापर्यंत कापू नका, तिथून पुन्हा फुटत नाही.

वापर किती आणि कुठवर?

रोजमेरी मुळात मसाल्याची वनस्पती. बटाट्याला, कोंबडीच्या रश्शाला चार-सहा पाने छान वास देतात. एवढ्या प्रमाणात ती बहुतेकांना सोसते.

आता केसांचे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आनुवंशिक टक्कल पडणाऱ्या १०० पुरुषांवर सहा महिने प्रयोग झाला. निम्म्यांना रोजमेरीचे तेल, निम्म्यांना मिनोक्सिडिल हे औषध २ टक्के. सहा महिन्यांनी दोन्हींचा परिणाम साधारण सारखा दिसला. सगळे व्हिडिओ याच अभ्यासाच्या जोरावर फिरतात. पण नीट पाहा. माणसे थोडी होती. सगळे पुरुष होते. काहीच औषध न लावणारा तिसरा गट नव्हता. वापरले ते तेल होते, उकळलेले पाणी नव्हे. आणि टक्कल आनुवंशिक होते. आपल्या मुलींचे केस ज्या कारणांनी गळतात, त्यांचा त्या अभ्यासाशी संबंध नाही.

तरीही कोणाला पाणी लावून पाहायचे असेल तर दोन काड्या कपभर पाण्यात उकळा, गार करा, गाळा, त्याच दिवशी वापरा. फ्रिज नसेल तर उरलेले फेकून द्या, शिळ्या पाण्यात जंतू वाढतात. आधी कोपरावर लावून एक दिवस थांबा. खाज, पुरळ आले तर वापरू नका. बाजारातले अर्काचे तेल कधीही निव्वळ लावू नका आणि पोटात घेऊ नका. गरोदर बाई, फिट येणारी व्यक्ती आणि लहान बाळ यांच्यासाठी ते तेल वापरूच नका.

रोजमेरीचा चहा जेवणाबरोबर पिऊ नका. रोजमेरीच्या अर्काने जेवणातल्या लोहाचे शोषण कमी होते, हे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. आपल्या रोजच्या चहाचेही तसेच आहे. ज्या मुलीच्या अंगात रक्त कमी आहे, तिने केस वाढावेत म्हणून जेवताना रोजमेरीचा चहा घेतला, तर ती आपल्याच हाताने नुकसान करते.

केस का गळतात, ते आधी शोधा

आम्ही नर्सिंग शिकलो, दवाखान्यात काम केले, आता वस्त्यांमधून फिरतो. केस गळतात म्हणणाऱ्या मुलीला आम्ही आधी चार गोष्टी विचारतो. दम लागतो का? पाळीत रक्त जास्त जाते का? दोन-तीन महिन्यांपूर्वी टायफॉईड, डेंग्यूसारखा मोठा ताप आला होता का? बाळंतपण होऊन किती महिने झाले? मोठ्या तापानंतर आणि बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी केस गळतात आणि बहुतेक वेळा आपोआप परत येतात. थायरॉईडनेही गळतात. वेणी फार घट्ट ओढून बांधल्यानेही कपाळाजवळचे जातात. आणि आपल्या घरांमध्ये ज्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते ते कारण म्हणजे अंगात लोह कमी असणे.

२०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५४ बायकांना रक्तक्षय आहे. म्हणजे बैठकीत शंभर बायका बसल्या तर निम्म्याहून अधिक. शेवटी जेवणारी, घरात आणि शेतात दोन्हीकडे राबणारी बाई त्यात आधी येते.

केस गळण्याचे कारण शोधणे किती गरजेचे, हे आपल्या जिल्ह्याने अलीकडेच पाहिले. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि इतर गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. तीन-चार दिवसांत टक्कल पडत होते. कोणी शाम्पूला दोष दिला, कोणी पाण्याला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे पथक येऊन नमुने घेऊन गेले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासणीत रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम फार वाढलेले, तर जस्त कमी आढळले, आणि त्यांनी त्याचा संबंध रेशनच्या गव्हाशी जोडला. त्या वेळी कोणी नुसतेच तेल-पाणी लावत बसले असते, तर गव्हापर्यंत कोणी पोहोचले नसते. केस डोक्यावर असतात, पण त्यांचे कारण अनेकदा ताटात आणि रक्तात असते.

म्हणून बाटली मागवण्याआधी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासा. ही तपासणी सरकारी केंद्रात होते, तो आपला हक्क आहे. आकडा विचारा आणि लिहून घ्या. "थोडे कमी आहे" एवढ्यावर परत येऊ नका. बाईचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅम किंवा जास्त हवे, गरोदर बाईचे ११ किंवा जास्त. आठच्या खाली, आणि गरोदरपणात सातच्या खाली, म्हणजे गंभीर. त्या बाईला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

१० ते १९ वयाच्या मुला-मुलींना शाळेत आणि अंगणवाडीत आठवड्याला एक निळी लोहाची गोळी मिळते. ती मुलगी खरेच गिळते की दप्तरात राहते, ते पाहा. गोळी जेवणानंतर, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी; चहा-दुधाबरोबर नको. शौच काळे होते, थोडे मळमळते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. वर्षातून दोनदा जंताची गोळीही घ्यावी.

चट्ट्याने केस गेले, डोक्याला खवले-पू आला, किंवा घरातल्या अनेकांचे एकदम गळू लागले तर घरगुती उपाय थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

रोजमेरीच्या शेजारी

ओट्यावर दोन कुंड्यांची जागा असेल तर एक रोजमेरीची करा, दुसरीत पालेभाजी लावा. पसरट घमेल्यात तांदूळजा टाकला तर तीन-चार आठवड्यांत खुडायला येतो. अंगणाच्या कडेला शेवग्याची फांदी रोवा, तिचा पाला भाजीत, डाळीत, भाकरीच्या पिठात घाला. वर लिंबू पिळा, लोह चांगले अंगी लागते. जमेल तेव्हा काळीज, सुकट खा, आणि ते घरातल्या पुरुषांनाच नव्हे, मुलींच्याही ताटात वाढा. जेवणानंतर तासभर चहा नको.

हौस म्हणून रोजमेरी जरूर लावा. मुलीने स्वतः काडी रुजवून झाड वाढवले तर तो आनंद मोठा आहे. एका बाटलीच्या पैशात मात्र घरात दोन-चार दिवसांची डाळ येते, हेही लक्षात असू द्या.

उजळणीसाठी प्रश्न

पुढच्या बैठकीत हे प्रश्न एकमेकींना विचारा.

१. आपल्याकडे रोजमेरी उन्हाळ्यापेक्षा पावसाळ्यात जास्त का मरते?
२. पाणी द्यायचे की नाही, हे कसे ठरवाल?
३. कुंडी म्हणून कोणता डबा कधीच वापरायचा नाही?
४. रक्त कमी असलेल्या मुलीने रोजमेरीचा चहा जेवताना का घेऊ नये?
५. तुमच्या घरातल्या प्रत्येक बाईचा आणि मुलीचा हिमोग्लोबिनचा आकडा किती आहे?

पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे या पाठात आहेत. पाचव्याचे उत्तर आरोग्य केंद्रात जाऊनच मिळेल. वस्तीतल्या पाच-सहा जणी मिळून जा, आशाताईला बरोबर घ्या, आणि आकडे वहीत लिहून ठेवा. तीन महिन्यांनी पुन्हा तपासून त्याच वहीत शेजारी नवा आकडा लिहा.

जयभीम.